अक्रोडाचा दस्ता आणि काळे पॉलिमर : न्यू जर्सीतील एका खरेदीची हकिकत

ज्या दुकानातून मी शेवटी बंदूक विकत घेतली, तेथे शॉटगन दोन वेगवेगळ्या ठिकाणी मांडलेल्या होत्या. एकीकडे काचेच्या कपाटात अक्रोडाच्या लाकडाचे, तेल मुरवलेले दस्ते, रिसीव्हरच्या, म्हणजे दस्ता आणि नळ्या यांच्यामधल्या धातूच्या भागाच्या, रुपेरी बाजूंवर कोरलेली बदके आणि तितर, आणि २८ किंवा ३० इंची नळ्या एकावर एक जोडलेल्या दुनळ्या. दुसरीकडे उघड्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या आखूड नळीच्या, पूर्ण काळ्या पंप बंदुका (नळीखालची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या), ज्यांच्या पाठीवर दुर्बीण किंवा रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याचे नेमयंत्र, बसवण्यासाठी रेल, पुढे विजेरीसाठी जागा आणि नळीखाली जास्तीची काडतुसे मावतील अशी लांब मॅगझिन. दोन्हींत काडतूस बारा बोअरचेच जाते. तरीही एका मांडणीपुढे उभे असलेले गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे वळूनसुद्धा पाहत नाही, आणि पाहिलेच तर किंचित हसून पाहते. हे हसू दोन्ही बाजूंनी असते. काचेच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवरच्या बंदुका पोरकट वाटतात, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्याला कपाटातल्या बंदुका म्हणजे म्हाताऱ्यांची हौस वाटते.

मी मूळची सिंधुदुर्ग जिल्ह्यातील. आमच्याकडे बंदूक ही हौसेची नव्हे, वहिवाटीची वस्तू आहे: शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी, जी रानडुकरे भातात शिरली की बाहेर निघते आणि निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होते. तिच्या दस्त्याचे लाकूड कोणते, हे माझ्या वडिलांना कोणी विचारले असते तर त्यांनी विचारणाऱ्याकडे काळजीने पाहिले असते. त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत ‘आवड’ नावाची काही गोष्ट असते, तिच्यावरून माणसे एकमेकांशी आठवडेच्या आठवडे वाद घालतात, आणि त्या वादात आपल्यालाही बाजू घ्यावी लागेल, हे मला अमेरिकेत येईपर्यंत ठाऊक नव्हते.

मी या खेळात आले ती कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंमुळे. त्या वर्षानुवर्षे ट्रॅप खेळतात आणि त्यांनी मला एका रविवारी आपल्या क्लबात नेले. ट्रॅपमध्ये जमिनीत अर्धवट पुरलेल्या एका लहानशा खोलीतून सुमारे ११ सेंटीमीटर व्यासाची मातकट चकती ताशी ४० मैलांहून थोड्या अधिक वेगाने पुढे फेकली जाते. ती नेमकी कोणत्या कोनात जाणार, हे नेमबाजाला माहीत नसते. नेमबाज खोलीच्या १६ यार्ड मागे उभा राहतो, ‘पुल’ असे ओरडतो आणि चकती दूर जाऊन खाली पडायच्या आत तिला गाठतो. पाच जागांवरून प्रत्येकी पाच, असे २५ बार झाले की एक फेरी पूर्ण होते. हे वर्णन वाचायला जितके कोरडे आहे तितका तो खेळ कोरडा नाही. चकती नीट लागली तर तिचे तुकडे होत नाहीत, जागच्या जागी काळ्या धुळीचा एक गोळा उरतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हाच मी परवान्याच्या मागे लागायचे ठरवले.

परवान्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे सर्वसाधारण समज असा आहे की अमेरिकेत किराणा आणायला जावे तशी बंदूक आणता येते. काही राज्यांत ते जवळपास खरेही आहे. न्यू जर्सीत नाही. एच-१बी व्हिसावर असताना तर संघराज्याच्या कायद्याने मला, शिकारीच्या वैध परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर बंदूक बाळगताच आली नसती. ग्रीन कार्ड आल्यावर तो अडसर दूर झाला. मग राज्याचे ‘फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड’. त्यासाठी अर्ज, शुल्क, बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्यास लेखी संमती, आणि आपल्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींचे अभिप्राय. शेवटची अट मला सर्वांत जड गेली. मराठी मंडळात आरतीला शेजारी उभ्या राहणाऱ्या, एकमेकींच्या मुलांना सांभाळणाऱ्या मैत्रिणींपैकी ‘हिच्या हाती बंदूक द्यायला आमची हरकत नाही’ असे पोलिसांना लिहून देणाऱ्या दोघी मिळवायच्या, म्हणजे ‘तुला गं कशाला हवी बंदूक?’ या प्रश्नाला आधी दहा जणींपुढे उत्तर देणे आले. अर्जावर निर्णयासाठी कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. माझे कार्ड त्यापेक्षा बरेच उशिरा आले. तो उशीर तेव्हा डाचला, परंतु त्या काळात मला दुसऱ्यांच्या बंदुका, त्यांच्या मालकांच्या उपस्थितीत, क्लबाच्या मैदानावर चालवून पाहता आल्या, आणि आवडीनिवडीचा सगळा पेच मला त्याच महिन्यांत समजला.

दुसऱ्या पक्षाची बाजू मांडणारा माझा एक जुना वर्गमित्र आहे. त्याच्याकडे रेमिंग्टन ८७० आहे, साडेअठरा इंची नळीची, काळ्या पॉलिमरच्या दस्त्याची. रेमिंग्टनने ही बंदूक १९५० साली बाजारात आणली, आणि तेव्हापासून तिचे एक कोटीहून अधिक नग बनले आहेत. अमेरिकेत शॉटगन म्हटले की बहुतेकांच्या कानात तिच्या पंपाचा ‘खटक-खट’ हाच आवाज येतो. मी दुनळी घेण्याच्या विचारात आहे असे सांगितल्यावर तो म्हणाला, “अगं, घरात चोर शिरला तर त्याच्यापुढे ‘पुल’ म्हणून ओरडणार आहेस का?” मी विचारले, “आणि तो येईपर्यंत दर रविवारी तू काय करणार आहेस?” त्यावर तो चिडला नाही, पुढच्या रविवारी आपली बंदूक घेऊन क्लबात हजर झाला.

ती मी चालवली. तिच्याविषयी जे सांगायचे ते प्रामाणिकपणे सांगते, कारण ट्रॅपच्या मैदानावरील जुनी मंडळी अशा बंदुकीला चालवून न पाहताच निकालात काढतात. ती हलकी आहे, खांद्याला पटकन लागते, आणि जवळच्या अंतरावर तिच्यावर विश्वास टाकावा अशी आहे. परंतु आखूड, हलकी नळी चकतीमागे फिरवताना हात किंचित जरी रेंगाळला तरी नळी जागीच थांबते आणि छर्रे चकतीच्या मागून निघून जातात. लांब, जड दुनळीला एकदा गती मिळाली की ती गती टिकते. हात कचरला तरी बंदूक पुढे जात राहते. दुसरी अडचण चोकची, म्हणजे नळीचे तोंड किती आवळलेले आहे त्याची. त्याच्या नळीचे तोंड सरळ होते, म्हणजे अजिबात न आवळलेले. सर्वसाधारण हिशेब असा की ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सरळ नळीतून सुमारे ४० टक्के छर्रे पडतात, तर फुल चोकमधून सुमारे ७० टक्के. ट्रॅपची चकती नेमबाजापासून बहुधा ३० ते ३५ यार्डांवर असताना फोडली जाते. तेवढ्या अंतरावर सरळ नळीच्या छर्ऱ्यांमध्ये चकती निसटून जाईल एवढ्या मोकळ्या जागा पडतात, आणि अचूक मारलेला बारही कधीकधी वाया जातो. हा त्या बंदुकीचा दोष नव्हे. ती खोलीच्या लांबीच्या अंतरासाठी बनवली आहे आणि आम्ही तिला मैदानावर उभे केले होते.

नेम धरण्याची रीतसुद्धा वेगळी. दुनळीच्या वर एक लांब पट्टी आणि टोकाला मणी असतो, पण मण्याकडे पाहायचे नसते. नजर चकतीवर आणि गाल दस्त्यावर ठेवायचा, मग नळी नजरेच्या मागे आपोआप जाते. त्याच्या बंदुकीवर गोल छिद्राची माशी होती, तिच्यातून बघून, थांबून, नीट नेम धरावा लागतो. मला तिच्यावर नजर ठेवायची की चकतीवर, हेच फेरी संपेपर्यंत ठरवता आले नाही.

मैदानावरच्या शिष्टाचाराचा भाग कोणत्याही पुस्तकातून कळला नसता. दुनळी मधोमध मोडून दंडावर टाकली की ती उघडी आहे, नळ्या रिकाम्या आहेत, हे पन्नास पावलांवरच्या माणसालाही दिसते. पंप बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा भाग, मागे ओढलेला असला तरी ते जवळ आल्याशिवाय समजत नाही. म्हणून तिच्यात रंगीत प्लॅस्टिकची खूण अडकवून ठेवतात. आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुका रिकामी काडतुसे उजवीकडच्या शेजाऱ्याच्या अंगावर फेकतात, त्यासाठी त्यांना बाजूला एक अडकण लावावी लागते. जुन्या खेळाडूंची काळ्या बंदुकीवरची नापसंती पुष्कळदा रूपावरची वाटते, पण तिच्या मुळाशी हे असते की सुरक्षितता त्यांना दुरून, एका नजरेत दिसायला हवी असते. हे कारण मला पटते. त्याउलट त्यांच्यातले काही जण काळी बंदूक आणणाऱ्या नवख्याशी ज्या थंडपणाने वागतात, तो मला मुळीच पटत नाही. माझ्या मित्राला त्या दिवशी ‘गुड शॉट’ म्हणणारे माणूस एकच होते, त्या सहकारी बाई.

मग माझी उंची मध्ये आली. मी पाच फुटांहून थोडीशीच उंच आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर बहुतेक दुनळ्यांत सुमारे साडेचौदा इंच असते. तो दस्ता खांद्याला लावताना माझ्या काखेत अडकायचा, आणि गाल लाकडावर नीट न बसल्यामुळे धक्का सरळ गालफडावर यायचा. माझ्या मित्राच्या काळ्या दस्त्यात मात्र चकत्या घालून किंवा काढून लांबी साडेबारा इंचांपर्यंत कमी करता येत होती. त्याने खिशातून पाना काढला, तिथेच दोन चकत्या काढल्या आणि बंदूक माझ्या हातात दिली. ती मला बसली. ज्या बंदुकीला सगळे माणसांवर रोखायची म्हणून नाके मुरडत होते तिनेच पहिल्यांदा माझ्या शरीराची दखल घेतली, आणि ज्या बंदुकीला शंभर-दीडशे वर्षांची खानदानी परंपरा आहे तिने गृहीत धरले होते की बंदूक खांद्याला लावणारा पुरुषच असणार आणि तोही उंच. बायकांसाठी वेगळ्या मापाच्या दुनळ्या आता निघाल्या आहेत, बेरेटाची व्हिट्टोरिया आहे, सिरेन नावाची तर संपूर्ण मालिकाच बायकांसाठी आहे. परंतु माझ्या आसपासच्या दुकानांत त्या पाहायलाही मिळत नव्हत्या.

मी काही काळ तिसऱ्या वाटेचाही विचार केला: वायूच्या दाबावर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक, जिचा धक्का सौम्य असतो. तिच्याविषयी वाचताना न्यू जर्सीचा कायदा वाचावा लागला, आणि तो वाचताना जाणवले की आवडनिवड कायद्यालाही असते. या राज्यात सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनच्या मॅगझिनमध्ये सहापेक्षा अधिक काडतुसे मावत असतील, किंवा तिला पिस्तुलासारखी मूठ असेल, किंवा घडीचा दस्ता असेल, तर ती ‘असॉल्ट फायरआर्म’ ठरते आणि बाळगणे गुन्हा होतो. पंप बंदुकीला तीच मूठ चालते. म्हणजे अमेरिकी मरीन सैनिकांनी एम-१०१४ या नावाने स्वीकारलेली बेनेली एम-४ ही बंदूक मुठीच्या दस्त्यासह येथे वर्ज्य आणि साध्या दस्त्याने ग्राह्य, जरी आतील यंत्र तेच असले तरी. शिवाय संघराज्याच्या १९३४ च्या कायद्याने, खास नोंदणी केल्याशिवाय, शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आखूड असता कामा नये. म्हणून दुकानातल्या भिंतीवरच्या सगळ्या नळ्या साडेअठराच्या. भारतात ही सीमा २० इंचांची आहे, त्यामुळे माझ्या मित्राची बंदूक तिकडे निषिद्ध वर्गात जाईल. मित्राचे म्हणणे असे की हे कायदे दिसण्यावर जातात. मला ते अर्धेच पटते: पिस्तुलाची मूठ केवळ दिसण्यासाठी लावली जात नाही, अरुंद जागेत बंदूक हाताळता यावी म्हणून लावली जाते, आणि अरुंद जागेत ती कोणाविरुद्ध हाताळायची असते हे उघड आहे.

या वादात इतिहास मात्र कोणाच्याच बाजूने उभा राहत नाही. जॉन मोझेस ब्राउनिंग या यूटामधील कारागिराने विंचेस्टरसाठी १८९७ ची पंप बंदूक रचली. ती बदकांच्या शिकारीला वापरली जात होती. पहिल्या महायुद्धात तिचीच नळी आखूड करून, वर उष्णतारोधक जाळी आणि संगिनीची सोय बसवून अमेरिकी सैनिकांनी ती फ्रान्समधील खंदकांत नेली, आणि सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध औपचारिक निषेध नोंदवला. आजच्या काळ्या बंदुकांची पूर्वज हीच. आणि एकावर एक नळ्यांची जी दुनळी आज ट्रॅपच्या मैदानावर खानदानी समजली जाते, त्या घडणीला अमेरिकेत रुळवणारी सुपरपोज्ड हीसुद्धा ब्राउनिंगचीच शेवटची रचना. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९३१ मध्ये बाजारात आली. भिंतीवरची आणि कपाटातली, दोन्ही घराणी एकाच माणसाच्या बाकावरून निघाली आहेत. अक्रोडाच्या दस्त्याला निरागस मानणाऱ्यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील दगडी फलक वाचावा: १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत, ३९ बंदुकांनी ४,२७३ पक्षी. त्या बंदुकांवरही नक्षी असणारच.

एवढे सगळे पाहूनही माझा कल दुनळीकडेच राहिला, आणि त्याचे कारण मला लाकूड आवडते हे नव्हे, जरी ते मला आवडते. प्रत्येक बंदूक बनवणाऱ्याने नळीच्या पुढे काहीतरी उभे आहे असे मनात धरलेले असते. ट्रॅपच्या दुनळीत मनात धरलेली वस्तू म्हणजे वर चढत जाणारी मातीची चकती. म्हणूनच तिचा मार मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो, म्हणूनच तिच्यात दोनच काडतुसे. काळ्या बंदुकीत मनात धरलेला असतो दारात उभा असलेला माणूस, आणि विजेरी, रेल, आठ काडतुसांची मॅगझिन ही सगळी त्याचीच तयारी असते. माझा मित्र भित्रा नाही आणि आक्रमकही नाही. तो एकटा, गावाबाहेर राहतो, आणि त्याच्या दृष्टीने ती तयारी शहाणपणाची आहे. मला मात्र दर आठवड्याला जी वस्तू हातात घ्यायची, पुसायची, तेल लावून ठेवायची, तिच्या पुढे कोणी माणूस कल्पायचा नव्हता.

कार्ड हातात आल्यावर मी त्या दुकानात गेले आणि वापरलेली, ३० इंची नळ्यांची ब्राउनिंग सिटोरी ही दुनळी घेतली. नवी माझ्या आवाक्यात नव्हती, आणि वापरलेलीच्या किमतीतही माझ्या मित्राच्या बंदुकीसारख्या तीन आल्या असत्या. ४४७३ क्रमांकाचा संघराज्याचा फॉर्म भरताना त्यात गांजाविषयी प्रश्न होता, आणि खाली ठळक इशारा होता की राज्यात तो कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्याने नाही. न्यू जर्सीत गांजाची परवानाधारक दुकाने राजरोस चालतात; मला आपला ओव्याशी संबंध, पण त्या रकान्यावर माझ्यापुढचा तरुण बराच वेळ पेन टेकवून उभा होता. राज्य पोलिसांकडून तपासणीचे उत्तर आल्यावर बंदूक माझ्या नावावर झाली. ती घरी नेतानाही रिकामी, बंद पेटीत किंवा गाडीच्या कुलूपबंद डिकीत, वाटेत विनाकारण न थांबता, अशी कायद्याची ताकीद.

दस्ता एका गनस्मिथकडून कापून घेतला. त्याने माझ्या हाताचा कोपर काटकोनात वाकवून माप घेतले, गाल कुठे टेकतो हे पाहायला डोळे मिटून बंदूक चार वेळा खांद्याला लावायला सांगितली, आणि मग सुमारे सव्वा इंच अक्रोड कापून तिथे जाड रबरी गादी बसवली. कापलेला तुकडा हवा आहे का, असे त्याने विचारले. जुन्या खेळाडूंपैकी एकाला ते कळले तेव्हा त्याने हळहळून सांगितले की आता ती विकताना भाव येणार नाही. विकायची आहे कोणाला?

मित्राने दरम्यान २८ इंची, बदलता चोक असलेली एक जादा नळी घेतली. ८७० चे वैशिष्ट्य असे की मॅगझिनच्या टोकाची टोपी उघडली की नळी पुढे ओढून काढता येते आणि दुसरी बसवता येते, फार तर दोन मिनिटांचे काम. रविवारी सकाळी तो लांब नळी चढवतो, क्लबात रंगीत खूण अडकवून उभा राहतो, माझ्यापेक्षा अधिक चकत्या फोडतो, आणि घरी गेल्यावर पुन्हा साडेअठराची चढवतो. दस्ता त्याने काळाच ठेवला आहे. अक्रोडाचाही मिळतो, असे मी सुचवून पाहिले, तो म्हणाला, “पावसात भिजला तर पुसत कोण बसणार? तू?”